साहेब तेच, बाई दुसरी

मी बी.कॉम. झाले तेव्हा देहूरोडला आमच्या अख्ख्या चाळीत पेढे वाटले गेले. घराण्यातली पहिली पदवी. त्याचा अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. लोणावळ्यात बंगले भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत मी बुकिंग सांभाळते.

शनिवार-रविवारी कुठे किती पाहुणे येतील, जादा गाद्या कुठे लागतील, हे मागच्या नोंदींवरून आधीच सांगणारी यंत्रणा बसवावी, ही कल्पना माझी. शेठना पटवण्यात अख्खा पावसाळा गेला. ती बनवून द्यायला पुण्याची एक कंपनी तयार झाली. म्हणाली, तुमच्याकडचा सगळा डेटा पाठवा.

"देऊन टाक," शेठ म्हणाले. "त्यात काय सोनं आहे?"

आमचा डेटा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. पाहुणे आले की बंगल्यावरचा केअरटेकर त्यांच्या आधार कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि खाली मनाला येईल ते लिहितो. इथली रीतच ती. पाठवण्याआधी मी सहज चाळायला बसले. भाजेच्या बंगल्यावरच्या मावशींचे शेरे सगळ्यांत लांबलचक. 'गाद्या कमी पडल्या.' 'शाकाहारी हायेत, पण अंडी मागितली.' आणि एका कार्डाखाली, 'सायेब त्येच, बाई दुसरी.'

मी खूप हसले. मग लक्षात आलं, हे नावानिशी, आधार नंबरासकट पुण्याला जाणार आहे. तिथून पुढे कुठे, कोणास ठाऊक. शेठना सांगावं तर ते घाबरून सगळंच गुंडाळणार. न सांगावं तर माझी यंत्रणा सुरू होणार.

सांगितलं.

"बंद कर ते," शेठ म्हणाले. "माझा धंदा माझ्या डोक्यात आहे."

"भाजेला पाहुणे चटईवर झोपले शेठ, ते डोक्यात होतं का?"

"शिकलेली पोरगी ठेवली की हे ऐकावं लागतं."

"पगार त्याचाच देता."

तेव्हा कुठे शेठ हसले. मी लगेच मांडलं: नावं, फोन, कार्डं आपल्याकडेच राहतील. बाहेर जाईल ते फक्त तारीख, माणसं, गाद्या, जेवण. आणि सुरुवात एकट्या भाजेच्या बंगल्यापासून. बिघडलं तर एकाच ठिकाणी बिघडेल.

"एकच बंगला," शेठनी बजावलं.

नावं वगळून नोंदी नव्याने भरायचं काम मीच केलं. मावशींना फोन करून सांगितलं, यापुढे माणसं, गाद्या आणि जेवण, एवढंच लिहायचं.

"आन् भांडनं?"

"भांडणं नाही, मावशी."

"मंग वाचायचं काय कुनी?"

पहिल्याच शनिवारी यंत्रणा म्हणाली, भाजेला चार गाद्या जास्त लागतील. शेठ म्हणाले, दोन पाठव. मी चारही टेम्पोत घातल्या आणि दिवसभर जीव मुठीत धरून बसले. संध्याकाळी मावशींचा फोन आला. मी फोन स्पीकरवर टाकला. शेठ समोरच होते.

"तीन लागल्या गं. चौथी बी वाया न्हाई गेली, तिच्यावर मी पडलीया."

"यंत्र चुकलं की एका गादीनं," शेठ म्हणाले. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "पुढच्या शनिवारी वलवणचे दोन बंगलेही यात घे. कार्डं मात्र आपल्याकडेच."