गळती शून्य

माझ्या पायाला भिंगरी आहे असं घरचे म्हणतात. कोरोनात शाळा बंद झाली त्या वर्षी तर आसनगावच्या दोन खोल्यांत मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. आमची मुलींची शाळा शेणव्याच्या पुढे. तिथल्या ऑफिसच्या भिंतीवर मी स्वतःच्या हाताने लिहिलेला पाच वर्षांचा आराखडा टांगलेला, आणि त्यातली पहिलीच ओळ, गळती शून्य. म्हणजे पाचवीत आलेली एकही मुलगी दहावीच्या आत शाळा सोडणार नाही. दोन वर्षं सरली होती, तीन उरली होती, आणि शाळेला कुलूप! मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, फोनवर म्हणायच्या, "अहो, सगळं जगच थांबलंय, तुम्हीही जरा थांबा." मला थांबता येत नाही, त्याला मी काय करू?

शेवटी तोंडाला मास्क बांधला, स्कूटर काढली आणि स्वाध्यायाचे कागद घेऊन वाड्या पालथ्या घालायला लागले. एका वाडीत सातच घरं, सगळी मजुरीवर जगणारी. तिथली एक मुलगी नववीत होती. त्या वाडीतून नववीपर्यंत पोचलेली ती पहिलीच, आणि खरं सांगते, माझा सगळा जीव त्या एकीत अडकला होता.

आणि ही बया कागद भिजवून आणायची! दर आठवड्याला शाई पसरलेली, कोपरे कुजलेले. श्रावणात एकदा मी खेकसलेच, "अगं, हे कागद आहेत की पोतेरं?" तिची आई पुढे आली. "बाई, हिला धसईला मामाकडं धाडताव. पाऊस सरला का आनू परत." मामाने स्थळ बघून ठेवलंय, हे वाडीतल्याच एकीने मला आधी सांगितलं होतं. अशी परत आलेली मुलगी मी तरी अजून पाहिलेली नाही.

माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथे सगळ्यांना गोळा केलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. "या वाडीतली गळती आता बंद म्हणजे बंद! किती वर्षं सोसायची? आता शाळाच हा प्रश्न हातात घेणार. तोवर कोणीही पोरीला बाहेर धाडायचं नाही." सगळे माना डोलावत होते. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. मुलीची आई म्हणाली, "असं हाय तं मंग नाय धाडत." मी वाऱ्यावर तरंगतच घरी आले आणि मोठ्या बाईंना फोनवर ऐकवलं, "बघा, नीट समजावलं की लोकांना पटतं!"

पुढच्या आठवड्यात गेले तर बायका वाटच बघत होत्या. तिच्या आईने माझ्या हातात सुतळीचे सात तुकडे ठेवले. प्रत्येकाला गाठी मारलेल्या.

"हे काय?"

"माप. गाठीला एक हात. ही आमची, ही शेजारनीची... ताडपत्री एवढी लागंल. कौलं देनार असाल तं दुसरं माप काढू."

कपाळ माझं! दोन वर्षं मी गळती गळती करत होते, पण ज्यांच्या डोक्यावर रोज गळतं त्यांना तो शब्द कसा ऐकू येईल, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

बोलली ती मुलगी. "आये, बाईंचं गळती म्हंजे घर नाय गो. आमी पोरी शाला सोडताव ना, त्याला गळती म्हनतात."

"तुला ठाऊक होतं?" मी म्हटलं. "मग त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"तुमी बोल्लाव नं आये लगेच थांबली. मी कशाला बोलू?"

आई रागावली नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाली, "मंग कोरड्यात निजायला जागा नाय, वयात आलेली पोर ठेवू कुठं, तेवढं तुमी सांगा." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच मोठ्या बाईंच्या घरी धडकले. त्या म्हणाल्या, "आराखड्यात घरं येत नाहीत हो." मी म्हटलं, "मग आराखडा लिहिणारी गाढव आहे!" त्यांनी उठून शाळेच्या चाव्या दिल्या. गॅदरिंगच्या मांडवाची ताडपत्री होती, एकच. दुसऱ्या दिवशी ती स्कूटरवर बांधून वाडीत नेली.

"घ्या, तुमच्या घरावर घाला."

तिची आई मागे सरली. "आमच्याच एकट्याच्या? नाय बाई. मंग मी या बायांना तोंड कसं दाखवू?"

मी चिडले. इतकं केलं आणि ही नाही म्हणते! पण बायका माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांचं आपापसात भराभर ठरलं. वाडीच्या मधोमध एक छप्पर उडालेली पडवी होती. तिच्यावर ती ताडपत्री चढली. वाडीतल्या सगळ्या मुली आजपासून तिथे निजणार, दोन म्हाताऱ्या सोबतीला. तासाभरात दोऱ्यासुद्धा ताणून झाल्या. मी नुसती या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होते, कुणाच्याच उपयोगाची नाही.

मग आई माझ्याजवळ आली. "तुमचा मोबाइल द्या. आमचा रिचार्ज संपला." नंबर मुलीनेच लावून दिला. पलीकडे मामा होता.

"पोर येत नाय," आई म्हणाली. पलीकडून स्थळाबद्दल काहीतरी चाललेलं ऐकू येत होतं. मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती, मीही.

"नाय," आई म्हणाली. "पाऊस सरल्यावर पन नाय."