शुक्रवारचं जहाज

सुरेश आणि शहाजी पहिल्यांदा भेटले ते दोहाच्या विमानतळावर, आणि तिथून बिन महमूद भागातल्या मुक्कामी पोचेपर्यंत सुरेशची दाढी वीतभर वाढली होती. निदान सुरेश तसं शपथेवर सांगतो. शहाजी या कंपनीच्या माणदेशी ड्रायव्हरने जॉन हर्शेल नावाच्या, दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या खगोलशास्त्रज्ञाचं चरित्र बारशापासून सांगायला घेतलं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न कोकलले, तरी हर्शेल दुधाच्या दातांतच!

“साहेब, ह्याच्या बापानं शोधलेल्या ग्रहाला आपल्यात हर्षल म्हणत्यात. माझ्या पोराचं नावबी त्येच!”

“शहाजीराव, समोर बघा. नाहीतर भरदुपारी आपल्यालाच तारे दिसतील.”

शहाजीचा जीव त्या चरित्रातल्या एकाच गोष्टीत अडकला होता. दक्षिणेचं आभाळ बघायला हर्शेल आफ्रिकेच्या टोकाला गेला, तो बायकापोरांना जहाजात घालून. शहाजीलाही बायकोला, राणीला, आणि हर्षलला असंच कतारला आणायचं होतं. पण ड्रायव्हरच्या पगारावर फॅमिली व्हिसा होत नव्हता. सुरेशने त्याच्यासाठी एचआरकडे अर्ज टाकला. “इन्शाल्ला,” एचआर म्हणालं, आणि वर्षानुवर्षं तेवढंच म्हणत राहिलं.

दर शुक्रवारी शहाजी एशियन टाउन या कामगारांच्या बाजारातल्या चहाच्या दुकानाबाहेर उकिडवा बसून पोराला फोनवर ती गोष्ट सांगायचा. मात्र जहाज किनाऱ्याला लागू द्यायचा नाही. कधी वादळ, कधी देवमासे, कधी आचाऱ्याची भांडणं.

“आण्णा, कवा पोचायचं त्ये?”

“तुमचा व्हिसा झाला की लागतंय. यल्ला, चल, आईला दे फोन.”

जहाज सहा वर्षं पाण्यात होतं. एव्हाना त्यातल्या उंदरांना पणतवंडं झाली असतील.

मार्चमध्ये गाडी धुताना शहाजीच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. पेटीतून तो एकटाच घरी गेला.

सुट्टीत सुरेश मुद्दाम शहाजीच्या गावी, म्हसवडला गेला. निदान गोष्ट तरी पुरी करावी, एवढंच त्याच्या मनात होतं.

“हर्षल, ते जहाज पोचलं बरं का.”

“दोन महिन्यांत पोचलं, काका. मी लई आधीच मोबाइलवर वाचलंय. चार वर्षं ऱ्हायली सगळी तिथं. एकत्र.”

“मग आण्णांना बोलला का नाहीस?”

“बोललो असतो, तर शुक्रवारी त्यांनी काय सांगितलं असतं?”

राणीवहिनींनी ठेवलेल्या चहावर साय धरली.

तो दोहाला परतला तेव्हा एचआरचं उत्तर येऊन पडलं होतं. अर्जदार आता नोकरीत नाही, सबब विषय बंद.