आधी पाणी, मग जागा

मी निघालो तेव्हा आमची मेंढरं पलूसकडच्या एका तुटलेल्या उसाच्या फडात बसली होती. दिवस नुकता वर आला होता. माझा डावा हात कोपरापाशी सुजून भोपळा झाला होता. आदल्या दिवशी थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, माझ्या मोबाइलमधले एका मित्राचे मेसेज वाचले होते. मेसेज प्रेमाचे होते. मला पुरुष आवडतात हे अख्ख्या तळाला कळलं. मेंढरांवरसुद्धा दादानं कधी चालवली नव्हती तशी काठी माझ्यावर चालवली. आबा, माझे वडील, तेव्हा तळावर नव्हते. परत आल्यावर त्यांनी माझा हात बघितला, दादाकडं बघितलं आणि मेंढरांकडं निघून गेले. सकाळी मला फाट्यापर्यंत सोडायला आले. एस.टी. दिसली तसं म्हणाले, "जा. फुडं जाऊन जागा बग."

तुम्ही जे मागं राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, दोघांनाही सांगतो, हे वाक्य मी किती वर्षं चघळलंय त्याला हिशोब नाही. आबा आमच्या मेंढरांचे कारभारी होते. दिवाळी झाली की म्हसवडकडचं आमचं कोरडं रान सोडायचं आणि चालत कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात यायचं. कारभाऱ्यानं कळपाच्या पुढं जायचं, अनोळखी शेतकऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि मेंढरं बसवायला जागा मागायची. शेतकऱ्याला खत मिळायचं, आम्हाला मुक्काम. लहानपणी मी आबांबरोबर जायचो. त्यांचा कायदा एकच होता. दारात गेल्या गेल्या जागा मागायची नाही. "आदी पानी, मग जागा. पानी दिलेला हात उठत न्हाई रं." शेतकऱ्याचं उत्तरही ठरलेलं असायचं, "रातीपुरती हाय." मी हिरमुसायचो. आबा परतीच्या वाटेवर हसायचे. "पैल्या दिशी कुनीबी दोन राती म्हनत न्हाई, येड्या. रातीपुरती म्हनला, म्हंजी सकाळी हाकलनार न्हाई."

तर मी पुढं गेलो. पुण्यात जागा बघितली. पण मागून कळप यायचा असतो म्हणून पुढं जायचं असतं ना? माझ्या मागून कोणी आलं नाही. आय तेवढी शेजारणीच्या मोबाइलवरनं फोन करायची. "जेवलास का?" आणि "दादा मेंढरांमागं हाय तवर येऊन जा की." मी म्हणायचो, बघू.

आता मी आणि सुधीर एका वन बीएचकेत राहतो. सोसायटीच्या वॉचमनसाठी आम्ही 'रूममेट' आहोत, आणि खालच्या काकूंना सगळं माहीत असून त्यांच्याकडून संक्रांतीला तिळगूळ येतो. माझं काम हेल्पलाइनचं. घरच्यांना कळलं, आता मारतील, कोंडतील, लग्न लावून टाकतील, असा फोन आला की मार बसायच्या आधी मध्ये जाऊन उभं राहायचं. कधी पोराला बाहेर काढायचं, कधी घरच्यांशी बोलायचं. ट्रेनिंगला येणाऱ्यांना मी आबांचाच कायदा शिकवतो, दारात गेल्यावर आधी पाणी मागा. आमच्या फायलीत त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे. आम्हा मेंढरंवाल्यांत त्याला तहान म्हणतात.

थकलोय मी, खरं सांगतो. एक घर जरा थंड होतंय तोवर दुसरं पेटतं. पोलीस ठाण्यात दर वेळी तेच, "मैत्रीण म्हणजे नेमकी कसली मैत्रीण?" आपण तेच उत्तर द्यायचं, त्याच चेहऱ्यानं. ज्यांना वाचवलं त्यांची नावं विसरायला होतं आणि ज्यांच्यापर्यंत पोचलो नाही त्यांची काही केल्या विसरत नाहीत. सुधीर म्हणतो, सुट्टी घे. सुट्टी घेऊन जाऊ कुठं, बाबा?

यंदा कडेगावकडची एक केस आली. ऊसवाल्या घरातली पोरगी, तिच्या मैत्रिणीबरोबर आमच्याकडं आलेली. वडील मिलिटरीतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. पोरीच्या चुलतभावांनी मैत्रिणीच्या घराचं दार फोडलं होतं आणि परत येतो म्हणून धमकी देऊन गेले होते. ठाण्यात कळवून आम्ही भरदिवसा सुभेदारांच्या दारात गेलो, मी आणि आमच्या वकीलबाई.

"कोन तुमी? चला, निघा हितनं!" सुभेदार ओट्यावरूनच गरजले.

"काकी," मी आत बघून म्हटलं, "तेवढं पानी द्या की. लय तहान लागलीया."

काकींनी तांब्या आणला. नवऱ्याच्या डोळ्याला डोळा न देता माझ्या हातात ठेवला. मी सावकाश प्यायलो. तेवढ्यात सुभेदार खाली बसले. मग आरडाओरडा झाला, इज्जत झाली, गावात तोंड कसं दाखवू झालं. मी ऐकून घेतलं. दम संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "जेवती का ती? शेपूची भाजी खात न्हाई." मग बोलणं लागलं. मैत्रिणीच्या दारात आमचं कोणी जाणार नाही, असा त्यांनी शब्द दिला. मी म्हटलं, "आनि ती फोन करंल. बोलू नका वाटलं तर, पन उचला."

ते माझ्याकडं बघत राहिले. "बोली माणदेशातली दिसती. कुठला रं तू?"

"म्हसवडजवळचा. आमची मेंढरं यायची हिकडं."

"बाप हाय?"

"हाय. गुडघं गेल्यात. घरीच असतोय."

"जातोस का भेटायला?"

वकीलबाई फायलीत डोकं घालून बसल्या. "न्हाई," मी म्हटलं. "तुमच्या पोरीचं जे हाय, तेच माजं हाय."

सुभेदार उठून उभे राहिले. मग ऑर्डर सोडावी तसं म्हणाले, "आदी तू तुज्या बापाच्या दारात जा. तितनं मला फोन लाव. मग मी माज्या पोरीचा उचलतो. सोता जायाचं न्हाई आनि मला शिकिवतोस व्हय?"

एस.टी. स्टँडपर्यंत मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. राग त्याचा नव्हताच, तो बरोबर बोलला याचा होता. दुसऱ्याच्या दारात उभं राहायला मी कधी घाबरलो नाही. लोकांनी कुत्री सोडलीत माझ्यावर. पण पुण्याची गाडी समोर लागली असताना मी म्हसवडच्या गाडीत बसलो, तेव्हा कंडक्टरला गावाचं नाव दोनदा सांगावं लागलं. माझ्यासाठी गेलो असतो असं नाही. त्या पोरीचा फोन वाजत राहील, हे डोक्यातून जाईना.

त्यांनी फोन उचलला का, ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष तिकडंच राहायचं. उचलला. आबांच्या अंगणातनं मी त्यांना कळवलं, "आलोय," त्यावर "बरं" म्हणून त्यांनी ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पोरीचा मेसेज आला. बाप एक अक्षर बोलला नव्हता, पण तिचं बोलून होईपर्यंत त्यानं फोन कानाला धरून ठेवला होता.

आणि आबा. उन्हं कलली होती. ते पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसलेले, केवढेसे झालेले. दादा मेंढरं घेऊन कृष्णाकाठी गेला होता. मी उंबऱ्याच्या बाहेर थांबलो. गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं पळाली. सवयीनं तोंडातनं आलं, "पानी मिळंल का?"

स्वतःच्या घरी कोणी पाणी मागतं का? चप्पल काढायच्या आधी हातात येतं. आय आतून धावत आली, "आगं बया, माजं लेकरू!" म्हणत पुन्हा पाण्याला वळली.

"थांब," आबा म्हणाले. "मी देतो."

भिंतीला धरत उठले. रांजणात तांब्या बुडवला आणि निम्मं पाणी सांडत घेऊन आले. मी प्यायलो. ते माझ्या कोपराकडं बघत होते. तो हात आता पुरता सरळ होत नाही.

"वाकडाच ऱ्हायला व्हय," म्हणाले.

"व्हय."

तांब्या त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. मी तसाच उभा.

"पानी झालं," आबा म्हणाले. "फुडचं इचार की."

मी विचारलं, "रातीला जागा हाय का?"

आबा वाटेकडं बघत राहिले. दादा ज्या वाटेनं मेंढरं घेऊन परत येणार होता, तीच ती वाट.

"रातीपुरती हाय," ते म्हणाले.

मी चप्पल काढली आणि आत गेलो.