बांगड्या घातलेला माणूस

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. तेव्हा मी दिल्लीत, देशाच्या शांतता आणि सुरक्षा धोरणाचा मसुदा करणाऱ्या गटात होतो. एका बैठकीत बोलायला हरियाणातल्या खेड्यातून एक गृहस्थ आले. भरघोस मिशा आणि मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या. गावातल्या दंगलीत ते जमावाबरोबर गेले नाहीत, म्हणून भाऊबंदांनी हिणवायला पाठवलेल्या. त्यांनी त्या सरळ हातात भरल्या होत्या.

मी त्यांना दारातच अडवलं. "भाईसाहब, अंदर बड़े अफसर हैं. ये उतार दीजिए, लोग हँसेंगे."

बांगड्या मागे सारत ते शांतपणे म्हणाले, "इसी हँसी के डर से तो सब लाठी उठाते हैं, साहब."

मी त्यांना बाहेरच बसवलं. आम्ही आतले सगळे पुरुष, महिलांच्या सुरक्षेवर बोलत राहिलो. बाहेर आलो तेव्हा ते निघून गेले होते.

निवृत्तीनंतर माफी मागायला त्यांच्या गावी गेलो. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर चौकशी केली.

"कौन, वो चूड़ीवाला?" म्हणत सगळे हसले.

त्यांच्याबरोबर मीही हसलो, आणि समोर आलेल्या दिल्लीच्या बसमध्ये चढलो.