नजर खाली

"डोळं खाली घे रं. कुणाकडं बघतोस?" आप्पा ओरडले.

आप्पांच्या ओट्यासमोर उभा होतो मी. शाळकरी पोर. शेजारी वडील, चपला काखेत. आप्पा म्हणजे गावचे मोठे जमीनदार, घोड नदीकाठची सगळी काळी त्यांची. मी नुसतं बघितलं होतं त्यांच्याकडं. वडिलांचा हात माझ्या मानेवर आला. डोकं खाली दाबलं त्यांनी. जोरात. मग हसत म्हणाले, "लेकरू हाय, आप्पा."

आमच्या वस्तीत प्रत्येक बाप हे करायचा. लेकरू वाचावं म्हणून.

नजर हा शब्द मी असा शिकलो. गुरुजी म्हणायचे, नजर मोठी ठेवा. आई मीठमिरच्या ओवाळून माझी नजर काढायची. आप्पांची नजर फिरली की वस्तीची मजुरी बंद. आणि आमची नजर? ती आपल्याच पायाच्या अंगठ्यावर. आम्हाला काय वाटतं ते त्या अंगठ्याला सांगायचं.

पुढं दौंडला रेल्वेत लागलो. गावातूनच जा-ये केली. पगार वाढला, मान तशीच राहिली.

आमच्या स्मशानाची वाट आप्पांच्या उसात गेली. आधी कडेनं नांगरली, मग पुरती. आईला नेलं तेव्हा तिरडी सरीतून काढावी लागली. उसाची पाती तिच्या तोंडाला घासत होती. पुढचा खांदा माझा होता. आप्पांचा मुलगा बांधावर उभा, मोबाईल बघत. मी आईच्या तोंडावरची पाती तेवढी बाजूला केली.

परवाच्या ग्रामसभेत माझी लेक उठली. "आमची वाट कुठं गेली, एवढं सांगा."

आप्पांचा मुलगा आता सरपंच आहे. बघत तिच्याकडं होता, बोलला माझ्याशी.

"काय रेल्वेवाले, पोरगी एकटीच जाती म्हनं दौंडला, कॉलेजला. नजर ठिवा तिच्यावर. आमची तर हायेच."

मागं कुणीतरी हसलं.

आणि मी अर्धवट उठलो, माझा हात तिच्या मानेवर गेला. माझ्या बापाचा हात.

"पप्पा, हात काढा."

हळू म्हणाली. माझ्या बोटांखाली तिची शीर उडत होती. घाबरली होती ती. तरी बघत होती.

मी हात काढला. उभा राहिलो. सरपंचाच्या डोळ्यांत बघितलं. घारे आहेत. आप्पांचेही तसेच असतील. मला कधी धड बघूच दिलं नव्हतं.

"तिनं विचारलं तेच मी विचारतोय," म्हणालो. "वाट कुठंय?"

काल दिवस मावळताना दारासमोर मोटारसायकल थांबली. दोघं होते. उतरले नाहीत. नुसते बघत बसले. मी खुर्ची उंबऱ्याशी ओढली आणि त्यांच्याकडं बघत बसलो. लेक शेजारी येऊन उभी राहिली. ते जाईपर्यंत आम्ही हललो नाही.

उद्या शिरूरला तहसीलदारांपुढं जाणार आहोत, दोघंही. लेकीला सांगून ठेवलंय. मधेच मला काही झालं, तर उसातून न्यायचं नाही. वाट मोकळी होईपर्यंत तिरडी पंचायतीच्या दारात ठेवायची. तोंड उघडं ठेवून.