पासष्टची कडी

संत्र्यांच्या शेडमध्ये तिला सगळे कडीताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथंच राहिलं. चौदा वर्षं ती पट्ट्याच्या टोकाला उभी राहून फळांची प्रतवारी करत होती. हातात एक पोलादी कडी, आतून पासष्ट मिलिमीटर. फळ कडीवर अडलं की पहिली प्रत, करारातला पूर्ण भाव. कडीतून खाली पडलं की रसाचा माल, भाव चौथाई. बहुतेक फळं ती नुसत्या तळहातानं ओळखायची. शंका आली तरच कडी. बागायतदार पलीकडच्या बाकावर बसून तिच्या हाताकडे बघत राहायचे, पण वाद कुणी घालत नसे. तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा, "घरी बटाटे निवडले तरी दोन ढीग करते. मी कायम दुसऱ्या ढिगात."

तिच्या थोरल्या भावाची दीड एकर बाग होती. पूर्वी तो येईल त्या व्यापाऱ्याला माल द्यायचा. एखाद्या वर्षी व्यापारीच फिरकायचा नाही. शेड ज्या कंपनीची होती, तिच्या करारात भाव आधीच ठरलेला होता, औषधं कंपनीची, मात्र एक फळही बाहेर विकायचं नाही. दादाचं मन धजेना. तो बहिणीला विचारायला आला. ती म्हणाली, "मोजणारी मी आहे ना. कर सही." दादानं सही केली आणि त्याच्याकडे बघून शेजारच्या अकरा जणांनीही केली.

दोन वर्षं बरी गेली. दादानं घरावर नवे पत्रे घातले, वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या वर्षी सगळीकडेच झाडं लगडली. बाहेरचा भाव कराराच्या निम्म्यावर आला. करारवाले मनातून खूश होते, आपण वाचलो म्हणून.

हंगामाच्या दुसऱ्या सोमवारी शेडच्या साहेबांनी जुन्या कड्या झिजल्यात म्हणून जमा करून घेतल्या आणि नव्या दिल्या. दुपारपर्यंत कडीताईचा हात चुकायला लागला. तळहात पहिली प्रत म्हणायचा आणि फळ कडीतून सुळकन खाली जायचं. तिला वाटलं, वय झालं. हात धुऊन आली, तरी तेच. जेवणाच्या सुट्टीत तिनं यंत्रांच्या फिटरकडून कडी मापून घेतली. सदुसष्ट निघाली.

"दोनच मिलिमीटर जास्त आहे," फिटर म्हणाला. पण त्या वर्षी झाडांवर ओझं एवढं होतं की फळ बारीकच राहिलेलं. निम्म्याहून जास्त माल नेमका त्या दोन मिलिमीटरमध्येच सापडत होता.

ती साहेबांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, कंपनीलाही जगायचंय म्हणाला, आणि करारातली एक ओळ दाखवली: आकार, कंपनीच्या प्रचलित मापानुसार.

"प्रचलित म्हणजे आज जे चालू आहे ते, बाई. यात खोटं कुठंय?"

तिच्या नोकरीचा विषय त्यानं काढला नाही. काढायची गरजही नव्हती. ती पट्ट्यावर परत आली आणि नव्या कडीनं मोजू लागली. संध्याकाळी तिला आणखी एक दिसलं. शेडच्या मागच्या बाजूला रसाच्या मालातली चांगली फळं साध्या खोक्यांत भरून शहराच्या बाजाराला निघाली होती.

गुरुवारी दादाचा माल आला, चाळीस क्रेट. दुसऱ्या बाईला ती पुढे करू शकली असती, केलं नाही. स्वतःच्या हातानं तिनं सत्तावीस क्रेट रसात टाकले. दादानं पावती बराच वेळ बघितली. तो ओरडेल म्हणून ती वाट बघत होती. त्यानं पावती घडी करून खिशात ठेवली.

"यंदा माझ्याकडून पाणी कमी पडलं," तो म्हणाला. "दुसरं कुणी मोजलं असतं तर म्हटलं असतं, काहीतरी गडबड आहे."

ती पट्टा ओलांडून बाकापाशी आली.

"दादा, पाणी कमी नाही पडलं. कडी मोठी आहे. सोमवारपासून मोठी आहे, आणि मला सोमवारपासून माहीत आहे."

बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. पट्टा चालूच होता. उचलायला कुणी नव्हतं, म्हणून संत्री टोकावरून फरशीवर पडत राहिली.

त्याच संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. बागायतदारांनी तोडणी बंद ठेवली, तालुक्याच्या सरकारी कचेरीत अर्ज दिला. तिथल्या अधिकाऱ्यानं करार वाचला आणि त्याच ओळीवर बोट ठेवलं. बाहेरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं की ही फळं करारानं बांधलेली आहेत. एकानं भाव सांगितला तो रसाहूनही खाली. झाडाखाली फळांचा सडा पडायला लागला. दहाव्या दिवशी एकेक जण क्रेट घेऊन शेडवर आला, एकमेकांची नजर चुकवत. पुढच्या वर्षीच्या करारात सदुसष्ट हा आकडा स्वच्छ छापलेला होता. सगळ्यांनी सह्या केल्या. दादाला मात्र करारच मिळाला नाही, आणि दुसरं गिऱ्हाईक त्या भागात उरलं नव्हतं.

ती बोलली याबद्दल दादानं तिला कधी दोष दिला नाही. त्याचं दुखणं वेगळं होतं, आणि एकदाच त्यानं ते बोलून दाखवलं.

"त्या मंगळवारी माझ्याकडे जेवून गेलीस. तुझ्यासमोर मी तोडणीला माणसं सांगत होतो. तेव्हा का नाही बोललीस?"

"नोकरी जाईल म्हणून," ती म्हणाली. खरं तेवढंच होतं.

त्यानंतर वर्षभर तो तिच्या घरी आला नाही.

त्यानं झाडं काढायला घेतल्याचं वहिनीकडून कळलं, तेव्हा ती न बोलावता गेली. दादा ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. ती फांद्या ओढून बांधावर रचत राहिली. दुपारी वहिनीनं दोघांची ताटं शेजारी वाढली. दादा आपलं ताट उचलून विहिरीच्या काठावर जाऊन बसला.

जेवून परत आला तेव्हा पुढचं झाड जाड बुंध्याचं होतं, एकट्याच्यानं न होणारं. त्यानं मोठ्या करवतीची एक मूठ धरली, दुसरी तिच्याकडे केली.

"ओढ," तो म्हणाला.