गॅरेज मागे नेण्याचा अर्ज

आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. ड्युटी संपली की वस्तीतल्या सभांची पत्रकं छापून आणायचे आणि मी त्यांच्या घड्या घालायची. वाचायलाही त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे काही खटकलं की मी भांडत बसत नाही, पत्रक काढते.

राजापेठेमागच्या आमच्या लेआउटमध्ये कुणी ओटा पुढे काढला होता, कुणी जिना. ‘नागरिकहो, घरासमोर नियमाने मोकळी सोडायची जागा टेप लावून मोजा,’ असं मी लिहिलं आणि दोन्ही गल्ल्यांत वाटलं. तिसऱ्या दिवशी मागच्या घरातली काकू पत्रक हातात घेऊनच आली. ती अंगणात शेवंती लावते आणि फुलं विकते.

“काव पोट्टे, साऱ्या गल्लीले मोजून राहिली, तुह्या बापाचं गॅरेज कोण मोजीन?”

वडिलांनी उठून टेप आणला. निवृत्तीनंतर त्यांनी ते गॅरेज स्वतः उभं केलं होतं, लोखंडी अँगल आणि टिनाचं, नटबोल्टांवर. आत त्यांची जुनी चारचाकी असे. गुडघे गेल्यापासून आईला अचलपूरला, माहेरी, एसटीने जाणं होत नव्हतं, म्हणून ती गाडी ठेवली होती. गॅरेज सगळंच्या सगळं मोकळ्या सोडायच्या जागेत निघालं. मला वर बघवेना. वडील टेप गुंडाळत म्हणाले, हे हलवावं लागते.

महानगरपालिकेत विचारलं तर कळलं, मागच्या कोपऱ्यात चालेल, पण परवानगी घेऊन. नाही मिळाली तर गॅरेज मोडायचं. आमच्याकडे टिनाचं शेड लोक रविवारी उचलून मागे ठेवतात, विचारायला कुणी जात नाही. आम्हाला ते करता येत नव्हतं. पत्रकाखाली आमच्याच घराचा पत्ता होता.

अर्ज मी लिहिला. नागरिकाचा हक्क, नियमांपुढची समानता, सगळं त्यात आलं. नगररचना विभागातल्या बाबूने दोन्ही पानं शांतपणे वाचली. “अर्ज चांगला हाय मॅडम. पण गॅरेज कुठून कुठं नेता, ते कुठीच नाही.” मी पाय आपटत घरी आले. वडील इतके हसले की आईने पाणी दिलं. मग त्यांनी पट्टी घेऊन नकाशा काढला आणि चार ओळींचा अर्ज सांगितला.

मी तो घेऊन निघाले तर वडील म्हणाले, आधी काकूंची सही आण. नियमात शेजाऱ्याची सही कुठेच नव्हती, मी नियम उघडून दाखवला.

“नसन लागत,” ते म्हणाले. “पण सावली त्यायच्याच वाफ्यावर पडन ना?”

काकूने सही केली नाही. कागदावर सावली दिसत नाही म्हणाली. तिनेच उपाय सांगितला: गॅरेजच्या उंचीचे दोन बांबू उभे करा, मधे चादर बांधा. थंडीचे दिवस होते. एक बांबू वडिलांनी धरला, एक मी, आणि कुंपणापलीकडे काकू वाफ्यात उभी राहून सावली बघत होती. निम्मी शेवंती सावलीत गेली. आम्ही चादर घेऊन एक पाऊल अलीकडे आलो, मग आणखी एक, मग आमच्याच स्वयंपाकघराच्या पायरीला टेकलो. तेव्हा काकू म्हणाली, “आता ठीक हाय. आना कागद.”

नकाशा पुन्हा काढला. महापालिकेचा माणूस येऊन मोजून गेला, आणि महिनाभराने परवानगीचा कागद आला. वडिलांचे डेपोतले तीन जुने सोबती आले. त्यांनी एका सकाळीच नटबोल्ट खोलून गॅरेज मागे उभं केलं. जेवताना एकमेकांच्या पान्यांची टर उडवत राहिले.

जागा मात्र अडचणीची झाली. गाडी आत घालायला तीनदा मागेपुढे करावं लागतं. आई खिडकीतून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणते, आणि मग पायरीला चाक घासलं की “बस” म्हणते. वडील खाली उतरून चाक बघतात, पुन्हा बसतात, पुन्हा मागे घेतात. पलीकडे शेवंतीवर ऊन असतं.